गृहसेवेच्या पुनर्नियोजनाबाबत

६ जानेवारी

छोटे,

हे फोनवरही बोलता आलं असतं, पण आपल्या घरातून फोनवर बोलणं म्हणजे दादाच्या कानात बोलणं. दोन खोल्या आणि मधे पडदा. लिफ्टच्या खड्ड्यात पडला तेव्हापासून त्याचं मानेखालचं सगळं गेलं, कान मात्र आधीपेक्षा तिखट झालेत. परवा मी जिन्यात शेजारणीशी कुजबुजले, तर आत पाऊल टाकताच विचारतो, "तिचा जावई परत आला का?"

तर बातमी अशी. नदीकाठच्या शुश्रूषा केंद्रात एक खाट रिकामी झाली आहे. आई होती तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दादाचं नाव तिथे घालून ठेवलं होतं. मी विसरूनही गेले होते. आता त्याचा नंबर लागला. जागा बरी आहे, बसने फार लांब नाही, कामावरून सुटल्यावर रोज जाऊन येता येईल. महिनाअखेरीपर्यंत हो की नाही ते सांगायचं. नाही म्हटलं तर पुन्हा रांगेच्या शेपटाला.

मला नाही म्हणायचं आहे. आमची घडी आता कुठे बसली आहे. पैलवान सकाळी मी निघायच्या आत येतो आणि मी परतले की जातो. (नाव दादाने ठेवलंय. एकट्याने उचलून खुर्चीत बसवतो म्हणून.) त्याचा पगार राज्याच्या विम्यातून, गृहसेवा योजनेतून येतो, म्हणून मी दिवसभर दुकानाच्या मागच्या खोलीत चष्म्याच्या काचा घासू शकते. तो नसेल तर मी काम सोडायचं आणि आम्ही दोघांनी वारा पिऊन राहायचं. पण तो आहे, आणि दादाशी त्याचं जमतंही.

तरी एकदा तुला विचारते. तू विमा मंडळात बसतेस, योजनांची ताजी माहिती देणारं ते पत्रक तूच लिहितेस. पुढे काही बदलायचं आहे का? तुझा शब्द तो मला सरकारचा शब्द.

ताई


१४ जानेवारी

ताई,

पत्र मिळालं. लगेच लिहायला बसले होते, पण कागद तसाच राहिला.

नियमांचं म्हणशील तर पत्रक निघण्याआधी मी काही बोलू शकत नाही. ते निघालं की तुझ्या डॉक्टरीणबाईंकडे येतंच, तेव्हा कळेल.

पण केंद्राला नाही म्हणू नकोस. तुझं वय होत चाललंय. दादाला कुशीवर वळवून वळवून तुझी पाठ गेली आहे. दिवसभर काचा घासून डोळे गेलेत. तुझं स्वतःचं म्हणून काही उरलेलं नाही, साधी मैत्रिणीकडे जाऊन बसत नाहीस. आणि दादालाही तिथे चार माणसं बोलायला मिळतील, घरात त्याला तीच भिंत दिसते. तू तरी किती वर्षं ओढणार?

एरवी मी तुला कधी काही सांगत नाही. या वेळी ऐक.

तुझी
छोटी


२१ जानेवारी

छोटे,

माझी पाठ तुझ्या काळजीचा विषय कधीपासून झाली?

वर्षातून एकदा येतेस, दादाच्या खाटेशी बसून डोळे पुसतेस, संध्याकाळच्या गाडीने जातेस. मी त्यावर अक्षर काढलेलं नाही, कारण तुझा संसार तिकडे आहे हे मला समजतं. पण तिकडे खुर्चीत बसून त्याला कुठे ठेवायचं ते ठरवू नकोस. तो अडगळ नाही.

मला इतका राग आला की तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. पाठीसकट. त्याने डोळे मिटून सगळं ऐकलं. मग मी त्याच्यासमोर म्हटलं, "माझे हात चालतात तोवर तू या घरातून हलणार नाहीस." पैलवान सूप गाळत होता, तो आणखी खाली वाकून गाळायला लागला.

आणि नियमांचं तू सांगत नाहीस तर नको सांगू. तुझं पत्रक काल दवाखान्यात आलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातात दिलं. "गृहसेवेचे पुनर्नियोजन विचाराधीन असून लाभार्थ्यांच्या गरजेनुसार ती अधिक परिणामकारक करण्यात येईल." त्याच्या खाली, निधीच्या संधी: घरी रुग्णसेवा देणाऱ्या स्थानिक दवाखान्यांसाठी नवा निधी. डॉक्टरीणबाई अर्ज करणार आहेत. तो मिळाला तर पैलवानच्या जोडीला रविवारी आणखी एक माणूस येईल म्हणाल्या. तूच लिहिलंस आणि तुलाच वाचता येत नाही का?

सोमवारी मी केंद्राला नाही कळवणार आहे.

ताई


२३ जानेवारी

छोटे,

अक्षर पैलवानचं, शब्द माझे. शुद्धलेखनाच्या चुका वाटून घेतल्या आहेत. ताई कामावर गेली आहे.

तुझं पत्र ऐकलं. ताईला राग आला आणि मला शंका. लहानपणी तू खोटं बोलायचीस तेव्हा एका कारणावर कधी थांबायची नाहीस. बाटली फुटली तर मांजर, वारा, शेजारचा पोरगा आणि मग भूकंप. तसंच हे पत्र होतं. लिफ्ट अडखळली की आत उभी असलेली माणसं दाराकडे बघतात, आम्ही मेकॅनिक वरच्या दोराकडे बघायचो. पैलवानचे तास जाणार आहेत. बरोबर ना? नोकरीवर गदा येणार असेल तर उत्तर देऊ नकोस.

पण ताईला सांगू नकोस. हेच लिहायला त्याला बसवलं आहे.

ते केंद्र मी पाहिलं आहे. मागच्या वर्षी डॉक्टरीणबाई घेऊन गेल्या होत्या. वाईट काही नाही. स्वच्छ आहे, माणसं हळू बोलतात. तिथे गेलो तर मी पुष्कळ वर्षं जगेन, हेही मला कळतं. पण तिथे ताई मला स्वतःच्या हाताने नेऊन ठेवेल. तू तिला ओळखतेस. रोज संध्याकाळी भेटायला येईल, आणि रोज परतताना स्वतःला शिव्या घालेल. मी कितीही हसून दाखवलं तरी. आई गेली तेव्हा दवाखान्यात न्यायला उशीर केला म्हणून ती अजून स्वतःला खाते. उशीर झालाच नव्हता. तास गेल्यावर मला सरकारने नेलं तर तिला सरकारवर चिडता येईल.

दुसरं कारण माझं आहे, ते फार उदात्त नाही. ती माझ्यासमोर म्हणाली, हलणार नाहीस. असं कोणी आपल्याबद्दल बोलताना ऐकलं आहेस का कधी? मला ते आणखी काही दिवस ऐकायचं आहे. ती कामावरून येते, चपला काढायच्या आधी पडद्याआडून बघते मी जागा आहे का, मग दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करून दाखवते. एक बाई गेल्या आठवड्यात तीन चष्मे डोक्यावर ठेवून चौथा शोधत होती म्हणे. हे सोडून नदीकाठी जायला मी तयार नाही. मला उन्हाळा घरात काढू दे.

पैलवान म्हणतो, हे बरोबर नाही. त्याला म्हटलं, तू फक्त लिही.

दादा

(मी पैलवान. माझा पत्ता मागे लिहिला आहे. उत्तर तिथे पाठवावे.)


२६ जानेवारी

दादा,

हे पत्र पैलवान तुला वाचून दाखवतील, म्हणून त्यांनाही नमस्कार.

तू ओळखलंस. मसुदा मीच टाइप केला. जूनपासून गृहसेवेचे तास निम्म्याहून कमी होणार. ज्यांना तुझ्यासारखं रात्री श्वासाचं यंत्र लागतं त्यांना घरी ठेवणं धोक्याचं मानलं जाईल आणि राज्याच्या केंद्रात हलवलं जाईल. कुठल्या केंद्रात, ते जिथे जागा असेल त्यावर. जे आधीपासून एखाद्या केंद्रात आहेत त्यांना कोणी हात लावणार नाही. म्हणून मी त्या खाटेसाठी जीव तोडून सांगत होते. आणि तो निधी. ज्यांच्याकडे पन्नास रुग्ण घरी आहेत अशाच संस्थांसाठी आहे. ती अट छोट्या टायपात आहे. डॉक्टरीणबाईंकडे तुम्ही सहा जण असाल.

मी साहेबांपाशी गेले होते. म्हटलं, "विचाराधीन" असं लिहिलं की लोकांना वाटतं अजून काही ठरलेलं नाही. ते म्हणाले, तेच तर वाटायला हवं. वाईट माणूस नाही, त्याच्या वडिलांनाही तीच योजना आहे. साहेबांनी वडिलांना डिसेंबरमध्येच केंद्रात हलवलं.

कुठे पाठवतील ते तुला माहीत नाही, मलाही नाही. लांब पाठवतील. ताई रोज सोड, महिन्यातूनही येऊ शकणार नाही. तू हसून लिहितोस, पण हे हसण्यासारखं नाही. नीट विचार कर, हात जोडते. काल मी ताईला फोन लावला होता. तिने उचलला आणि माझा आवाज ऐकून ठेवून दिला. परत लावला नाही, कारण तोवर तुझं पत्र हातात होतं.

आजवर तू माझ्याकडे काही मागितलं नाहीस. तुला सोमवारपर्यंत मत बदलता येईल. पैलवानांच्या फोनवरून नुसतं "बोल" म्हण, मी त्याच मिनिटाला ताईला सगळं सांगेन, मग नोकरी जाऊ दे. काही आलं नाही तर मी गप्प बसेन.

छोटी


१८ एप्रिल

छोटे,

किती दिवस मी लिहिलं नाही आणि तूही नाहीस. दादा म्हणतो, दोघींपैकी जी मोठी आहे तिने आधी लिहावं. म्हणून लिहिते. जानेवारीत जरा जास्तच बोलले.

ती खाट एका शिक्षिकेच्या आईला मिळाली. बरं झालं, त्यांच्याकडे घरी बघायला दुसरं कोणी नव्हतं.

इकडे आम्ही मजेत आहोत. खरंच. दादा इतका बोलका मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. मोठ्या रस्त्यावर नवी इमारत झाली, तिची काचेची लिफ्ट बघायची म्हणून हट्ट धरून बसला. पैलवानने आणि मी खुर्ची ढकलत नेली. तिथला रखवालदार हाकलायला आला, तर दादाने त्याला दोराच्या जाडीपासून ब्रेकपर्यंत इतकं ऐकवलं की शेवटी त्यानेच आम्हाला वर-खाली फिरवून आणलं. वरून आपलं घर दिसलं. दादा म्हणाला, केवढंसं आहे.

निधीचा अर्ज गेला आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, उत्तर आलं नाही म्हणजे नाकारलेलं नाही. या वर्षी तू आलीस तर दोन दिवस राहा. मी तुला टोचून बोलणार नाही.

ताई


९ जून

छोटे,

नोटीस आली. तुझ्या पत्रकातल्यासारखीच भाषा आहे.

पैलवानचे तास सकाळपुरते राहिले, तेही या महिन्याअखेरपर्यंत. एवढ्यावर त्याचं भागणार नाही, त्याला दुसरं काम बघावं लागेल. एक तपासनीस बाई येऊन गेली. श्वासाच्या यंत्रापाशी उभी राहून म्हणाली, हे घरी चालवता येणार नाही. मी म्हटलं, चालवतेच आहे. ती म्हणाली, तुम्ही चांगलं चालवलंत, पण तुम्ही प्रशिक्षित नाही. मी काम सोडते म्हटलं, तर म्हणाली, मग तुमचं उत्पन्न नाही, म्हणजे रुग्णाच्या घराची स्थिती बिघडली अशी नोंद करावी लागेल. बोलायला जागाच ठेवली नाही.

नदीकाठी गेले. दोन वर्षं जागा नाही. निधीचंही कळलं. डॉक्टरीणबाईंचा अर्ज पहिल्याच चाळणीत पडला होता, फेब्रुवारीत.

त्यानंतर मी तुझं जानेवारीचं पत्र पुन्हा काढलं. मला एकच सांग, एका ओळीत. तुला तेव्हा माहीत होतं का?

ताई


१३ जून

ताई,

हो. माहीत होतं.

छोटी


३० ऑगस्ट

छोटे,

दादा तुझा भाऊ, तुला कळवायला हवं, म्हणून हे पत्र. शेवटचं.

दादाला काल नेलं. राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गाडीने अख्खा दिवस लागतो. न्यायला आलेली माणसं सभ्य होती. पण त्यांचं स्ट्रेचर आपल्या जिन्यात वळेना. पैलवानला कोणीतरी कळवलं, तो नव्या कामावरून सुट्टी टाकून आला. त्याने दादाला दोन्ही हातांवर घेतलं आणि एक एक पायरी उतरला. मी यंत्र धरून मागे. प्रत्येक वळणावर दादा लिफ्टवाल्यासारखा मजला सांगत होता. तिसरा. दुसरा. शेजारपाजारची माणसं दारात उभी होती, कोणाला हसावं की काय करावं कळेना. तळमजला आला तेव्हा त्याने सांगितला नाही.

गाडीत मला बसू दिलं नाही. नियमात नाही.

दार लावायच्या आधी त्याने मला जवळ बोलावलं. म्हणाला, "छोटीला बोल लावू नकोस. मला जानेवारीतच कळलं होतं. मीच तिला गप्प राहायला सांगितलं." बघ, जाताना सुद्धा तुझी बाजू घेतो. त्याला धड खोटं बोलताही येत नाही. जानेवारीत कळलं असतं तर हा माणूस चार महिने असा हसला-खिदळला असता का? मी सांगितलं, "तू तिची काळजी करू नकोस, तुझी कर." त्याने पुन्हा बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी दार लावलं.

तू मला सरळ एक वाक्य लिहिलं असतंस तर तो आज नदीकाठी असता आणि मी आता या वेळी बसमध्ये असते. तुझी नोकरी राहिली, ते चांगलं झालं.

मला पत्र लिहू नकोस. फोन करू नकोस. दादाला भेटायला जायचं असेल तर जा, तो तुझाही आहे. फक्त मी असेन त्या दिवशी येऊ नकोस.


२० ऑक्टोबर

छोट्या ताईंना पैलवानचा नमस्कार.

तुम्हाला कोणी कळवलं की नाही माहीत नाही, म्हणून लिहितो. दादा बुधवारी गेले. छातीत कफ साठला होता. त्यांना कफ दाटला की ते बोलत नसत, डावी भुवई उचलत. ते मला आणि ताईंनाच माहीत होतं. मी त्या केंद्रातल्या नर्सला फोनवर सांगितलं होतं, तिने लिहूनही घेतलं होतं, पण त्या दिवशी दुसरी होती. कोणाला दोष देत नाही. एका माणसाकडे खूप खाटा आहेत.

ताई पोचल्या तेव्हा उशीर झाला होता. मी त्यांच्याबरोबर होतो. सगळं त्यांनी उरकलं, रडल्या नाहीत. परतताना गाडीत तुमच्याबद्दल बोलल्या. काय बोलल्या ते लिहीत नाही.

म्हणून विचारतो. तुम्ही दादांना लिहिलेलं पत्र माझ्या घरी आहे. त्यात सगळं आहे, तुम्ही सांगायला तयार होता हेही आहे. त्या सोमवारी दादांनी मला फोन काढायला लावला होता. मी तो त्यांच्या तोंडापाशी धरून उभा होतो. बराच वेळ त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ठेव, पाणी दे." हेही तुम्हाला सांगितलेलं नव्हतं.

मी ते पत्र ताईंना दाखवू का? त्या तुम्हाला जे समजतात ते मला बघवत नाही. दोन बहिणीच राहिल्या आता.

पैलवान


२६ ऑक्टोबर

पैलवान,

तुमचं पत्र ऑफिसात आलं, जिन्यात उभं राहून वाचलं. मला कोणी कळवलं नव्हतं.

ते पत्र दाखवू नका. जाळून टाका. दादाने सांगितलं तेव्हा ताईने विश्वास ठेवला नाही, आणि आता ठेवला तर काय होईल ते मी सांगते. एप्रिलमध्ये तिने मला लिहिलं होतं की दादा इतका बोलका कधी नव्हता, तुम्ही तिघं काचेची लिफ्ट बघायला गेलात. तेवढे चार महिने तिच्यापाशी आहेत. त्याला सगळं ठाऊक होतं हे कळलं, तर ती त्यातला एकेक दिवस काढून बघत बसेल, तो खरं हसला की तिच्यासाठी हसला. खरं हसला असं ती कधीच धरणार नाही. मग तिच्याकडे दादाही उरणार नाही. त्यापेक्षा मी नसलेली बरी.

आणि ती म्हणते ते खोटंही नाही. मला माहीत होतं, आणि मी सांगितलं नाही. कोणी सांगू नको म्हटलं म्हणून ते कमी होत नाही. त्या सोमवारी मीही फोन समोर ठेवून बसले होते. वाजला नाही तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. हे तुम्हाला सांगते, दुसऱ्या कोणाला सांगितलेलं नाही.

पुढच्या महिन्याचं पत्रक लिहायला घेतलं आहे. पुनर्नियोजन यशस्वी झालं असं त्यात लिहायचं आहे, किती लाभार्थी केंद्रांत हलवले त्याचा आकडा द्यायचा आहे. आकडा सप्टेंबरचा आहे, म्हणून दादा त्यात आहे.

तुमच्याकडे एकच गोष्ट मागते. अधूनमधून ताईकडे जात जा. कामावरून परतली की ती लगेच दार उघडणार नाही, थांबा. आत गेलात की तिला दुकानातल्या गिऱ्हाइकांचं विचारा. पहिल्यांदा सांगणार नाही, दुसऱ्यांदाही नाही. तरी विचारत राहा. मी सांगितलं असं म्हणू नका.

छोटी